टेस्ट नदीच्या अलीकडे-पलीकडे

साउथहॅम्प्टनच्या पश्चिम टोकाला टेस्ट नदी खाडीत उतरते. तिथे रेडब्रिजचा जुना दगडी पूल अजून उभा आहे आणि त्याच्या शेजारून आता रुंद हमरस्ता व लोहमार्ग जातात. ओहोटी लागली की दूरवर चिखल उघडा पडतो, त्यात बगळे हिंडतात. डावीकडे कंटेनर उतरवणाऱ्या उंच क्रेनची रांग लागते. पुलाच्या अलीकडे साउथहॅम्प्टन शहर, पलीकडे टॉटन. घरे दोन्हीकडे विटांचीच, दुकानेही तीच. पण अलीकडे रस्ता, शाळा, कचरा, म्हाताऱ्यांची देखभाल हे सगळे एकाच नगर परिषदेकडे असते. पलीकडे गेले की टाउन कौन्सिल वेगळी, तिच्यावर न्यू फॉरेस्टची डिस्ट्रिक्ट कौन्सिल आणि तिच्यावर विंचेस्टरला बसलेली हॅम्पशायर काउंटी कौन्सिल. आपल्याकडे कोल्हापूर महापालिकेची हद्द संपून ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद सुरू व्हावी, तसाच हा बदल.

माझी भाची टॉटनला राहते आणि नोकरीला शहरातल्या इस्पितळात जाते. २०२५च्या ऑक्टोबरात मी दिवाळीला तिच्याकडे होतो. तेव्हा टॉटनमध्ये जिथे जावे तिथे एकच विषय निघत होता: टॉटन साउथहॅम्प्टनमध्ये जाणार की नाही. वाचनालयात, बसथांब्यावर, ईलिंगच्या चक्कीपाशी, फराळाला आलेल्या शेजाऱ्यांच्या तोंडी तेच.

मी निपाणीचा. सीमाभागात जन्मलेल्या माणसाला असा प्रश्न कानावर आल्यावर त्रयस्थ म्हणून बसता येत नाही. कुठले गाव कुठे घालायचे, ते कोणी ठरवायचे आणि ठरवताना गावाला विचारायचे की नाही, या बोलण्यातच आमचे घर वाढले. म्हणून शहर बघायला निघालो ते हाच प्रश्न घेऊन.

साउथहॅम्प्टनला गावाची वेस अजून आहे. बारगेट म्हणतात तिला. भर बाजारपेठेत उभी, दोन्ही बाजूंना दुकाने, आणि खालून माणसे पिशव्या घेऊन जात असतात. तिथून तटबंदीच्या कडेने चालत गेले की एका बाजूला जुने गाव आणि दुसऱ्या बाजूला पूर्वी समुद्र होता ती जागा. १६२०मध्ये मेफ्लॉवर इथून निघाले, १० एप्रिल १९१२ला टायटॅनिक. पाटीपाटीवर त्या दोन जहाजांची नावे दिसतात. मला मात्र दुसरीच तारीख महत्त्वाची वाटली. १४४७मध्ये सहाव्या हेन्रीने सनद देऊन या गावाला स्वतःची काउंटी म्हणून मान्यता दिली. म्हणजे भोवतालचा जिल्हा एक आणि त्याच्या पोटात हे गाव वेगळे. १८८९मध्ये काउंटी बरो म्हणून तेच वेगळेपण नव्या कायद्यात आले. गंमत अशी, की खुद्द हॅम्पशायरचे सरकारी नाव १९५९पर्यंत ‘साउथहॅम्प्टनची काउंटी’ असेच होते. १९६४मध्ये साउथहॅम्प्टन ‘सिटी’ झाले. आणि मग दहाच वर्षांत, १९७४च्या फेररचनेत, या शहराचे मोठे अधिकार हॅम्पशायर काउंटीकडे गेले. शाळांचे आणि रस्त्यांचे निर्णय विंचेस्टरला होऊ लागले. ते १९९७मध्ये परत आले, तेव्हा साउथहॅम्प्टन आणि पोर्ट्समथ ही दोन्ही शहरे पुन्हा स्वतंत्र परिषदांची झाली.

सिव्हिक सेंटरची पांढरी इमारत आणि तिचा उंच घड्याळाचा मनोरा १९३०च्या दशकातला आहे. शहराने आपल्या हिमतीवर उभारलेले घर, हे बघताक्षणी कळते. १९७४ ते १९९७ या २३ वर्षांत त्याच घरात कितीतरी विषयांवर बोलण्याचा अधिकार उरला नव्हता. ज्या शहराने हे सोसले, त्याला पुलापलीकडच्या टॉटनची भीती सगळ्यात आधी कळायला हवी, असे मला तिथल्या पायऱ्यांवर उभे असताना फार तीव्रतेने वाटले.

आताचा वाद निघाला तो डिसेंबर २०२४मध्ये. तेव्हाच्या उपपंतप्रधान अँजेला रेनर यांनी इंग्लंडमधल्या सत्तेच्या विकेंद्रीकरणाची श्वेतपत्रिका आणली. काउंटी आणि डिस्ट्रिक्ट हे दोन थर मोडायचे, त्यांच्या जागी साधारण पाच लाख वस्तीच्या एकथरी परिषदा आणायच्या आणि मोठ्या प्रदेशावर थेट निवडलेला महापौर बसवायचा, असा तिचा गाभा. फेब्रुवारी २०२५मध्ये पहिल्या तुकडीत हॅम्पशायर आणि सोलेंटचा नंबर लागला. त्याच झपाट्यात मे २०२५मधली हॅम्पशायर काउंटीची निवडणूक वर्षभर पुढे ढकलली गेली. इथे परिषदा पंधरा: एक काउंटी, तिच्याखालच्या अकरा डिस्ट्रिक्ट, आणि साउथहॅम्प्टन, पोर्ट्समथ व आइल ऑफ वाइट या तीन स्वतंत्र. लोकवस्ती सगळी मिळून वीस लाखांच्या आसपास. साउथहॅम्प्टनची २०२१च्या जनगणनेत सुमारे २ लाख ४९ हजार. पाच लाखांचे माप लावले की शहर एकटे उरत नाही, त्याला कोणीतरी जोडावेच लागते.

सप्टेंबर २०२५मध्ये प्रस्ताव लंडनला गेले. बेट वेगळेच ठेवावे यावर एकमत, मुख्य भूमीवर मात्र नाही. काउंटीचे म्हणणे, मुख्य भूमीवर तीन परिषदा पुरेत. बहुतेक बाकीच्यांचे म्हणणे, चार हव्यात. त्या चारांच्या आराखड्यातही पोटभेद, आणि त्यातल्या एका पोटभेदात न्यू फॉरेस्ट जिल्ह्याची खाडीकाठची पट्टी, म्हणजे टॉटन, मार्चवुड, हाइद, फॉली, ही तोडून साउथहॅम्प्टनला जोडायची होती. या पट्टीला तिथे वॉटरसाइड म्हणतात.

भाचीच्या शेजारी एक निवृत्त गोदी कामगार राहतात. सगळे आयुष्य पुलाच्या अलीकडे काम केले आणि पलीकडे येऊन झोपले. फराळाची बशी घेऊन मी त्यांच्याकडे गेलो, तर ते मला घेऊन ईलिंगला निघाले. भरती-ओहोटीच्या पाण्यावर फिरणारी पिठाची चक्की तिथे आहे. भरतीचे पाणी बांधामागे अडवायचे आणि ओहोटीला ते सोडून पाते फिरवायचे, अशी तिची रीत. तिच्याच बांधावरून रस्ता जातो आणि त्यावर शेकडो वर्षे पथकर घेतला जातो. बांधावर उभे राहून त्यांनी खाडीच्या दक्षिणेकडे हात केला.

“तिकडे डिब्डन बे. बंदरवाल्यांना तिथे कंटेनरचा धक्का बांधायचा होता. आम्ही लढलो.”

ती लढाई कागदोपत्री आहे. मोठी जाहीर चौकशी झाली आणि २००४मध्ये सरकारने बंदराची मागणी फेटाळली. पुढच्याच वर्षी न्यू फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यान झाले. त्यांचे सांगणे सरळ होते: त्या वेळी आमची डिस्ट्रिक्ट कौन्सिल जंगलाची होती, म्हणून ती आमच्या बाजूने उभी राहिली. उद्या आम्ही शहराच्या परिषदेत गेलो, तर तिथल्या बहुसंख्य सदस्यांची पोटे बंदरावर चालणार. आमची बाजू तिथे मांडणार कोण? मी त्यांना विचारले, तुम्ही स्वतः तर गोदीत राबलात. ते म्हणाले, “म्हणूनच सांगतो. बंदर कधी थांबत नाही, त्याला थांबवावे लागते.”

घरी आल्यावर भाचीने त्यांचे म्हणणे तितक्याच ठामपणे खोडले. “मामा, तुम्ही पुलावरून येताना उजवीकडच्या उंच इमारती बघितल्यात ना? रेडब्रिज आणि मिलब्रुक. माझे निम्मे रुग्ण तिथले. ते लोक जंगलापासून दोन मैलांवर राहतात आणि जंगलाच्या निर्णयात त्यांना काडीचा शब्द नाही. टॉटनची माणसं रोज शहरात नोकरीला जातात, शहराचे रस्ते वापरतात, संध्याकाळी कर मात्र दुसरीकडे भरतात. शहर कर्जात, आणि कडेची गावं सुखात. हे असंच चालू द्यायचं?”

तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. साउथहॅम्प्टनची हद्द इतकी आवळलेली आहे, की शहराला बिलगून वाढलेली ईस्टली, हेज एंड, टॉटन ही सगळी वस्ती कागदोपत्री शहराबाहेर आहे. २०२४मध्ये परिषदेला खर्चाची तोंडमिळवणी करायला सरकारकडून विशेष सवलत घ्यावी लागली. आमच्या कोल्हापूरची गोष्ट नेमकी हीच. महापालिका १९७२ची, आणि तेव्हापासून हद्दवाढ झालेली नाही. शहर म्हणते, उचगाव-पाचगावला आमचेच पाणी, आमचीच बस. गावे म्हणतात, तुमचा घरफाळा नको, आमची शेती राहू द्या. मोर्चे निघाले, बंद पाळले गेले, आणि २०१७मध्ये सरकारने ४२ गावांसाठी विकास प्राधिकरण काढून प्रश्न पुढे ढकलला. आजवर कुठल्याच सरकारने त्या गावांत आणि शहरात मतपेटी ठेवून हा प्रश्न विचारलेला नाही.

पोर्ट्समथला एक दिवस जाऊन आलो. अंतर तीसेक किलोमीटर, पण आगगाडी प्रत्येक गावाला हाक देत जाते. पोर्ट्समथ आरमाराचे, साउथहॅम्प्टन व्यापाराचे, आणि दोघांचे जमत नाही हे फुटबॉलमुळे सगळ्या देशाला माहीत आहे. सप्टेंबरातच दोन्ही संघ २०१२नंतर पहिल्यांदा लीगमध्ये समोरासमोर आले होते, तो सामना बरोबरीत सुटला. १९६६मध्ये कॉलिन ब्युकॅनन या नामांकित नियोजनकाराने सरकारसाठी दक्षिण हॅम्पशायरचा अभ्यास करून या दोन शहरांमधली सगळी पट्टी मिळून एक सलग महानगर सुचवले होते. ते झाले नाही. २०१६मध्ये दोन्ही शहरे आणि बेट यांनी मिळून सोलेंटची संयुक्त सत्ता मागितली. काउंटीचा विरोध होता, सरकारने ती दिली नाही. आता मात्र सगळ्यांनी एका महापौराखाली यावे, असे सरकारच सांगते. वरून आखलेल्या नकाशांची इथे एवढी परंपरा आहे, की लोक नवा नकाशा बघताना आधी त्यावरची तारीख वाचतात.

लिंडहर्स्टला जायचे ते जंगल बघायला, असे ठरले होते. पण भाचीचे यजमान म्हणाले, “मामा, बुधवारी जाऊ, म्हणजे कोर्ट बघायला मिळेल.” टॉटन सोडून दहा-पंधरा मिनिटांत झाडी सुरू होते आणि रस्त्याच्या कडेला मोकळी घोडी चरताना दिसतात. त्यांना मालक असतात. जंगलात गुरे चारण्याचा पिढीजात हक्क असलेल्या या लोकांना कॉमनर म्हणतात. शरदात ते आपली डुकरे ओकची फळे खायला सोडतात. हिरवी फळे घोड्यांना बाधतात आणि डुकरांना मानवतात, म्हणून ही सोय. आम्हाला एक मादी आपली पिले घेऊन रस्ता ओलांडताना भेटली आणि दोन्ही बाजूंच्या गाड्या ती पार होईपर्यंत थांबल्या. हे जंगल विल्यम विजेत्याने १०७९च्या सुमाराला शिकारीसाठी राखून घेतले. तेव्हाही कोणाला विचारले नव्हते. पण पुढच्या शतकांत रयतेने एकेक हक्क झगडून परत मिळवला, आणि त्यांची राखण करणारे व्हर्डररांचे न्यायालय आजही भरते.

दहा व्हर्डरर. पाच कॉमनरांनी निवडलेले, बाकीचे नेमलेले. जुनी लाकडी बाके, एका बाजूला आरोपीसाठी केलेला पिंजरा. सुरुवातीला एक माणूस उठला, उजवा हात वर करून त्याने ललकारी दिली: ज्याला काही मांडायचे आहे त्याने पुढे यावे, त्याचे ऐकले जाईल. मग खरोखरच माणसे पुढे आली. एका बाईंनी रस्त्यावर वाहनांखाली मेलेल्या जनावरांविषयी सांगितले. दुसऱ्या कोणी नवी घरे, वाढणारी कुत्री आणि सायकली यांविषयी. कोणी वकील नव्हता. मांडणे ऐकून घेतले गेले, टिपून घेतले गेले. मला आमच्या गावच्या ग्रामसभेची आठवण झाली, जी कायद्याने भरवावीच लागते आणि जिच्यात सुदैवाने अजूनही एखादी म्हातारी उठून सरपंचाला जाब विचारते. विचारले जाणे आणि ऐकले जाणे याची भूक इथे आणि तिथे सारखीच आहे.

परतीच्या वाटेवर बोल्डरवुडजवळ एक साधा लाकडी क्रूस लागला. त्याच्या पायाशी मॅपलच्या पानांचे लाल-पांढरे झेंडे रोवलेले. एप्रिल १९४४मध्ये कॅनडाच्या तिसऱ्या डिव्हिजनच्या सैनिकांनी तो उभारला. नॉर्मंडीच्या हल्ल्यासाठी ते या झाडीत तळ ठोकून होते. इथे प्रार्थना करून ते साउथहॅम्प्टनच्या धक्क्यांवरून जहाजांत चढले आणि ६ जूनला जूनो किनाऱ्यावर उतरले. परतलेले किती, हे त्या क्रूसासमोर उभे राहिले की मनात येतेच.

कॅनडा आणि हॅम्पशायर यांचे नाते आणखी जुने आहे, आणि माझ्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. याच काउंटीच्या उत्तर टोकाला हायक्लेअर नावाचा वाडा आहे. दूरचित्रवाणीवरच्या ‘डाउनटन अॅबी’मुळे तो जगाला माहीत झाला. १८६६च्या डिसेंबरात त्याचे मालक लॉर्ड कार्नारव्हन वसाहतमंत्री होते. जॉन मॅकडोनाल्ड, कार्तिए आणि गॉल्ट हे कॅनडाचे पुढारी त्यांच्याकडे मुक्कामाला आले, आणि कॅनडाच्या संघराज्याचा मसुदा लंडनमधल्या बैठकांबरोबर या वाड्यातही घोळला गेला. २९ मार्च १८६७ला त्याचा कायदा झाला आणि १ जुलैला चार प्रांतांचे नवे राज्य जन्मले. त्या चारांत नोव्हा स्कोशिया होता. तिथल्या सरकारने निवडणूक न घेताच विधिमंडळातून होकार मिळवला होता. जोसेफ हाउ हा तिथला लोकनेता लंडनला येऊन सांगत राहिला, की आमच्या लोकांना विचारा. कोणी विचारले नाही. सप्टेंबर १८६७मध्ये पहिली निवडणूक झाली तेव्हा नोव्हा स्कोशियाच्या १९ संघीय जागांपैकी १८ संघविरोधकांनी जिंकल्या, आणि प्रांतातल्या ३८ पैकी ३६. तरीही लंडनने फेरविचार केला नाही.

न्यूफाउंडलंडचे उलटे झाले. १९४८मध्ये तिथे मतदान घेतले गेले, एकदा कौल स्पष्ट लागला नाही म्हणून दुसऱ्यांदा, आणि ५२.३ टक्क्यांनी कॅनडात जाण्याचा निर्णय झाला. रुसवे तिथेही राहिले. पुढे चर्चिल फॉल्सच्या विजेच्या १९६९च्या करारावरून क्वेबेकशी त्यांचे पिढ्यान्पिढ्याचे भांडण झाले. पण कॅनडात आम्हाला कोणी ढकलले, असे मात्र त्यांना म्हणता येत नाही. आज तेलाच्या पैशावरून आल्बर्टात वेगळे होण्याची भाषा निघते. क्वेबेकने १९९५मध्ये ५०.५८ विरुद्ध ४९.४२ अशा केसभर अंतराने देशात राहणे पत्करले. माणसे हे अंतर घेऊन तीस वर्षे एका देशात राहतात, कारण मोजणी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झाली होती.

आणि तोच कॅनडा आपल्या शहरांशी मात्र वेगळा वागतो. १८६७च्या कायद्याने नगरपालिका प्रांतांच्या हाती दिल्या. त्याच बळावर ओंटारिओ प्रांताने १९९८मध्ये सहा नगरपालिका एक करून आजचे टोरांटो केले. आदल्या वर्षी सहाही ठिकाणी मतदान होऊन लोकांनी मोठ्या बहुमताने नको म्हटले होते. ते मतदान बंधनकारक नव्हते. २०१८मध्ये तर ऐन निवडणुकीच्या मध्यावर प्रांताने टोरांटोच्या सभासदांची संख्या ४७वरून २५वर आणली, आणि २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते कायदेशीर ठरवले. इंग्लंडमध्ये तर मधला प्रांतही नाही. वेस्टमिन्स्टरने ठरवले की परिषद आहे, ठरवले की नाही.

हे सगळे मी भाचीला रात्री जेवताना सांगत होतो. तिने मला मॉन्ट्रियलच्या प्रश्नावर आणून थांबवले. तिथे २००२मध्ये बेटावरच्या सगळ्या नगरपालिका एकत्र केल्या. पुढे सरकार बदलले आणि बाहेर पडायचे का, यावर मतदान ठेवले. १५ गावे बाहेर पडली, आणि त्यांत वेस्टमाउंटसारखी श्रीमंत वस्ती होती. “बघा,” ती म्हणाली, “विचारलं की ज्यांच्याकडे आहे ते दार लावून घेतात. मग मिलब्रुकचं काय?”

मी त्यावर बराच वेळ विचार केला आणि माझे मत त्यामुळे अधिक नेमके झाले. विचारायचे तर दोघांनाही विचारले पाहिजे: जे आत यायचे आहेत त्यांना, आणि ज्यांच्यात ते यायचे आहेत त्यांनाही. मते वेगवेगळी मोजून दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापले पाहिजेत. मग ज्याला निर्णय फिरवायचा असेल त्याने त्या आकड्यांसमोर उभे राहून कारण द्यावे. नियोजन, पैसा, पाच लाखांचे माप, हे सारे खरे असेल. पण ते विचारण्याच्या जागी येऊ शकत नाही.

माझ्या या आग्रहामागे निपाणी आहे, हे लपवायचे कारण नाही. १ नोव्हेंबर १९५६ला मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा माझे वडील शाळेत शिकत होते. आदल्या दिवशीपर्यंत एक राज्य, दुसऱ्या दिवशी दुसरे. घटनेच्या तिसऱ्या कलमाने राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला आहे. विधेयक विधानसभेकडे मताला पाठवावे लागते, पण ते मत पाळायचे बंधन नाही, आणि गावाला तर विचारायचीच सोय नाही. १९६७च्या महाजन आयोगाने निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला आणि बेळगाव म्हैसूरला, असे सुचवले. बेळगाव सोडून आम्हाला घेणे महाराष्ट्राला मान्य नव्हते. २००४पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. दर १ नोव्हेंबरला सीमाभागात काळा दिवस पाळला जातो. मला या साऱ्यात शेजारच्या कन्नड माणसाचा राग कधीच आला नाही. बाजार, लग्नकार्य, शेत सगळे त्याच्याबरोबरच आहे. सलते ते एवढेच, की माझ्या वडिलांच्या हाती त्यासाठी कधीच मतपत्रिका आली नाही.

ती गोव्याच्या लोकांच्या हाती आली. १६ जानेवारी १९६७ला, महाजन आयोग काम करत होता त्याच काळात, गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा यावर तिथे मतदान झाले. विलीनीकरणाच्या बाजूने १ लाख ३८ हजार १७० मते पडली, विरोधात १ लाख ७२ हजार १९१. विलीनीकरणाचे खंदे पुरस्कर्ते दयानंद बांदोडकर तेव्हा मुख्यमंत्री होते. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून त्यांनी आधी राजीनामा दिला. कौल त्यांच्या विरुद्ध गेला, तो त्यांनी मान्य केला, आणि काही आठवड्यांत झालेल्या निवडणुकीत त्याच लोकांनी त्यांच्या पक्षाला पुन्हा सत्ता दिली. मराठी माणूस म्हणून मला गोवा महाराष्ट्रात आलेला आवडला असता. पण ३४ हजार मतांनी एक वाद मिटला, आणि आमचा वाद ७० वर्षे होत आली तरी मिटत नाही.

मी घरी परतल्यावर, नोव्हेंबरात, सरकारने हॅम्पशायरच्या प्रस्तावांवर लोकांची मते मागवली. मतदान नव्हे, अभिप्राय. डिसेंबरात आणखी बातमी आली, की मे २०२६मध्ये व्हायची महापौराची निवडणूक २०२८पर्यंत पुढे गेली. नव्या परिषदा सुरू होण्याची अपेक्षा आहे तीही एप्रिल २०२८मध्येच. भाचीकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, पण राष्ट्रकुलातल्या नागरिकांना तिथे राहताना मताचा हक्क मिळतो, त्यामुळे तिचे नाव टॉटनच्या मतदारयादीत आहे. महापौर निवडायला ती मत देईल. टॉटन कुठे जावे, यावर तिला ते देता येणार नाही.

तिने अभिप्रायाचा अर्ज भरला आणि मला फोनवर वाचून दाखवला. टॉटन साउथहॅम्प्टनबरोबर जावे, असे तिने लिहिले होते. शेजारच्या गोदीवाल्यांनी त्याच संध्याकाळी आपला अर्ज भरला, टॉटन जंगलाबरोबरच राहावे म्हणून. शेवटच्या रकान्यात, आणखी काही सांगायचे असल्यास लिहा, असे होते. तिथे दोघांनी एकमेकांशी बोलून एकच मजकूर घातला: निर्णयाआधी टॉटन आणि मिलब्रुक या दोन्ही ठिकाणी मतदान घ्यावे आणि मते वेगवेगळी मोजावीत.